अक्षर नाचवा, पण शिरोरेषा सांभाळा

गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात फ्लेक्सच्या एखाद्या दुकानात जाऊन उभं राहा. मंडळाचा आगमन सोहळा, सोसायटीची पाककला स्पर्धा, नव्या मिठाईच्या दुकानाचं उद्घाटन अशा फलकांपैकी दोन-चारांवर तरी एक गुबगुबीत अक्षर दिसेल. कडा गोल, अंग फुगलेलं आणि पोटातली पोकळी जेमतेम केसाएवढी. हा बहुधा ‘मोदक’ नावाचा फॉन्ट. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने तो केला आणि सगळ्यांसाठी मोफत खुला ठेवला. सारंग कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या याच गटाचा ‘बालू’ हा मोदकचा थोडा शहाणा भाऊ. तोही जाड आणि गोल आहे, पण त्याची अक्षरं मोकळा श्वास घेतात. बालू देवनागरीखेरीज आणखी आठ भारतीय लिप्यांमध्ये आहे आणि त्या-त्या लिपीत त्याला तिथली हाक लावलेली आहे: गुजरातीत भाई, बंगालीत दा, मल्याळममध्ये चेट्टन, तमिळमध्ये थंबी, पंजाबीत पाजी.

असा फॉन्ट डाउनलोड करायला एक मिनिट लागतं. तो बिघडवायलाही तेवढंच लागतं. कारण खेळकर अक्षर कसं वापरावं याचे जे धडे इंटरनेटवर सापडतात ते जवळजवळ सगळे रोमन लिपीचे असतात. अक्षरं सुटी करा, एक वर एक खाली उडवा, मधली जागा वाढवा, तिरकी करा. देवनागरीत यातला एकेक सल्ला पाळला की शब्द मोडतो. तेव्हा आपली लिपी कुठे खेळू देते आणि कुठे नाही, हे आधी कळलं पाहिजे. फॉन्टची निवड त्यानंतर.

खेळायची जागा

रोमन अक्षर खालच्या रेषेवर उभं असतं, देवनागरी अक्षर वरच्या रेषेला लटकतं. रोमन शब्दातलं एखादं अक्षर उडी मारून वर गेलं तरी बिघडत नाही, कारण ते मुळात सुटंच असतं. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषेच्या पायऱ्या होतात, आणि वाचणाऱ्याला शब्द कुठे संपला ते कळत नाही. म्हणून आपल्याकडे नाच कमरेखाली करायचा. शिरोरेषा एकसंध ठेवा. हवी तर ती सगळी मिळून किंचित कमानदार किंवा लाटेसारखी करा. पाय मात्र खालीवर होऊ द्या.

‘भेळपुरी’ हा शब्द घ्या. गाडीवरच्या पाटीसाठी तो हाताने काढायचा आहे असं समजा. ‘भे’वरची मात्रा मागे रेलून बसवता येते. ‘ळ’ला दोन गोल पोटं आहेत, ती सगळ्यात जास्त फुगवा, शब्दाचं वजन तिथेच पडू द्या. ‘पु’चा उकार खाली जाऊन ‘ळ’च्या पायाखाली सरकू शकतो. ‘री’ची वेलांटी शिरोरेषेवरून डावीकडे झेप घेत थेट ‘पु’च्या डोक्यावर छत्रीसारखी येऊ शकते. एवढ्या सगळ्या हालचालीत शिरोरेषा जागची हललेली नाही, आणि शब्द लांबूनही ‘भेळपुरी’च वाचला जातो. मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, अनुस्वार ही आपल्या लिपीची खेळणी आहेत. रोमनमध्ये ती नाहीत. तरीही आपले डिझायनर त्यांना हात न लावता मूळ अक्षरांनाच वाकडंतिकडं करत बसतात, हे मला कधी उमगलेलं नाही.

शिरोरेषा काढून टाकली तर? शीर्षकाला एक हलकेपणा येतो, थोडी गुजराती झाक येते, आणि कधी कधी तेच हवं असतं. पण आधी शब्दात थ, ध, भ आहेत का ते पाहा. ध आणि घ, भ आणि म, थ आणि य या जोड्यांमधला फरक डाव्या बाजूच्या छोट्या वळणात आणि शिरोरेषेच्या तुटण्यात असतो. रेषा गेली की सगळा भार त्या वळणावर पडतो, आणि जाड अक्षरात ते वळण बुजतं. ‘आनंदधाम’ नावाच्या वृद्धाश्रमाची पाटी ‘आनंदघाम’ वाचली जाणं हा विनोद तिथल्या कोणालाच आवडणार नाही.

दुसरी अडचण सगळ्याच हस्तलिखित धाटणीच्या फॉन्टची आहे. हाताने काढलेल्या शब्दात एकच अक्षर दोनदा आलं तर दुसरं कधीच हुबेहूब पहिल्यासारखं नसतं. फॉन्टमध्ये ते असतंच. ‘पापड’ लिहा आणि दोन्ही ‘प’ बघा; हाताचा सगळा आव तिथे उघडा पडतो. रोमनमधल्या पुष्कळ हस्ताक्षरी फॉन्टमध्ये दुसऱ्या वेळी आपोआप वेगळं अक्षर येण्याची सोय असते, देवनागरीत ती क्वचित सापडते. आणि मराठीत तर बाबा, मामा, काका, चिवचिव, टपटप, गोडगोड यांचा सुकाळ. उपाय सोपा आहे. शीर्षक एवढं दोन-तीन शब्दांचंच असेल तर मजकूर कर्व्ह करा, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांच्या आकृत्या करा, आणि पुन्हा आलेल्या अक्षराचा पाय थोडा लांबवा, पोट थोडं आवळा, दंड एखाद्या अंशाने कलता करा. पाच मिनिटांचं काम आहे, पण तेवढ्याने फॉन्ट वाटणारा शब्द लिहिलेला वाटू लागतो.

ही नजर तयार करायची असेल तर कमल शेडगे यांची कामं जरूर पाहा. मराठी नाटकांच्या आणि मासिकांच्या शीर्षकांना त्यांनी चेहरे दिले. २०२० मध्ये ते गेले. ‘माझी अक्षरगाथा’ हे त्यांचं पुस्तक मिळालं तर सोडू नका. वर्तमानपत्रातल्या नाटकाच्या छोट्याशा जाहिरातीत चित्राला जागाच नसायची, तेव्हा नाटकाचं नाव हेच चित्र व्हायचं. त्यांची शीर्षकं बघताना एक ध्यानात येईल. प्रत्येक ठिकाणी गंमत एकाच अक्षरात किंवा एकाच मात्रेत असते, बाकीची अक्षरं तिला जागा करून देतात. शब्दातल्या सगळ्याच अक्षरांनी एकदम गंमत करायची ठरवली की कोणाकडेच लक्ष जात नाही.

कोणत्या कामाला काय

मोदकला एकच जाडी आहे आणि त्याचा सगळा जीव त्या बारीक फटींमध्ये आहे. या फटी दिसल्या तर अक्षर गोड, बुजल्या तर नुसता गोळा. म्हणून मोदक मोठ्या मापातच वापरा: फलक, पोस्टर, मुखपृष्ठ, मिठाईच्या खोक्याचं झाकण. व्हिजिटिंग कार्डावर नको. टी-शर्टवर भरतकाम करायचं असेल तर नकोच, कारण दोऱ्याच्या जाडीत फट मिटते. दुकानाच्या काचेवर व्हिनाइल कापून लावणाऱ्यालाही विचारून घ्या. इतक्या अरुंद फटी सोलून काढताना त्याची बोटं दुखतात आणि कोपरे फाटतात. स्वस्त कागदावरच्या छपाईत शाई पसरते, तिथेही हाच प्रश्न.

बालू जास्त कामाचा आहे. त्याच्या ‘बालू २’ या आवृत्तीत पाच जाड्या आहेत, त्यामुळे शीर्षक, उपशीर्षक आणि किंमत असं सगळं एकाच घरात निभतं. लहान मुलांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ, बालवाडीची पाटी, खेळण्यांचं खोकं, शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका इथे तो चपखल बसतो. पण पूर्ण परिच्छेद त्यात लावू नका. दहा ओळींनंतर डोळा थकतो. आतल्या मजकुराला याच गटाचा ‘मुक्ता’ जोडा. त्याला सात जाड्या आहेत, स्वभाव शांत आहे, आणि एकाच गटाचं काम असल्यामुळे दोघांची अक्षरं परकी वाटत नाहीत.

‘कलम’ वेगळ्या जातीचा. इंडियन टाइप फाउंड्रीसाठी लिपी रावल आणि जॉनी पिनहॉर्न यांनी केलेला हा फॉन्ट पेनने भराभर लिहिलेल्या अक्षरासारखा किंचित कललेला आहे. चिठ्ठी, पाककृतीच्या बाजूची टीप, चित्रकथेतला संवाद, शिक्षकाचा शेरा असा जिथे कोणीतरी बोलतंय असं वाटायला हवं, तिथे तो वापरा. लग्नपत्रिकेच्या मुख्य नावांना तो हलका पडतो, पण ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ या ओळीला अगदी शोभतो. आणि ‘यात्रा वन’ पाहाच. मुंबईच्या लोकलच्या स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून कॅथरिन ली श्मिट यांनी तो बेतला, आणि त्यातलं रोमन अक्षर देवनागरीच्या कलमाच्या कोनाने काढलं. एरवी देवनागरी रोमनच्या मागे फरफटते, इथे उलटं झालंय. मिसळीचं हॉटेल, शहराचा नकाशा, जुन्या मुंबईवरचं प्रदर्शन यांना तो उत्तम. वाढदिवसाच्या फुग्यांबरोबर मात्र जात नाही.

यातला कुठलाही पक्का करण्याआधी त्याची मराठीची परीक्षा घ्या. फॉन्टच्या नमुन्यातली वाक्यं बहुतेक हिंदी असतात, त्यात आपली अडचणीची अक्षरं येतच नाहीत. पुढचे शब्द टाइप करून पाहा: कुऱ्हाड, दऱ्या, बाळगोपाळ, ॲप, ऑफिस, विठ्ठल, उद्ध्वस्त, ज्ञानेश, हृदय, श्रीखंड, लसूण, शेव. ‘ऱ्या’मधला अर्धा र नीट येतो का? ‘ठ्ठ’ एकाखाली एक येतो की पाय मोडून बाजूला बसतो? ‘ॲ’ची चंद्रकोर शिरोरेषेला चिकटते का? ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा येतो का? ही मराठीची वळणदार रूपं आहेत, आणि पुष्कळ फॉन्ट सुरुवातीला हिंदीची रूपं दाखवतात. काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपं दडवून ठेवलेली असतात. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली, किंवा वेबपानाच्या कोडमध्ये तशी नोंद केली, की मराठी रूप आपोआप येतं. आकड्यांतले ५, ८ आणि ९ सुद्धा याच कारणासाठी तपासा. दुकानाच्या पाटीवरचा फोन नंबर चुकीचा वाचला गेला तर अक्षराच्या सौंदर्याचं कौतुक करायला ग्राहक येणार नाही.

डीटीपीच्या टेबलावर

बहुतेक खेळकर अक्षरांचा जीव या टप्प्यावर जातो, म्हणून इथे जरा सविस्तर.

सगळ्यात आधी अक्षरांमधली जागा. कॅन्व्हासारख्या साधनांत ‘लेटर स्पेसिंग’ची एक पट्टी असते. मराठीसाठी ती शून्यावर ठेवा. ती वाढवली की शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि शब्दाला पडलेल्या दातांचं रूप येतं. फलकाची रुंदी भरायचीच असेल तर शब्दांमधली जागा वाढवा, माप वाढवा किंवा अधिक जाड प्रकार घ्या.

वेलांटी उलट्या बाजूला पडत असेल किंवा जोडाक्षर फुटून मध्ये पायमोडकं अक्षर दिसत असेल, तर दोष बहुधा फॉन्टचा नसतो, सॉफ्टवेअरचा असतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडावं लागतं. त्याहून जुन्या आवृत्तीत त्याचं नाव ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ असं होतं. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ लावा, इलस्ट्रेटरमध्ये इंडिक पर्याय सुरू करा. फ्लेक्सवाल्याकडे कोरल ड्रॉची फार जुनी आवृत्ती असेल तर त्याच्याकडे उघडी फाइल पाठवूच नका. तुमच्या संगणकावर मजकूर बरोबर दिसत असताना तो कर्व्ह करा आणि मग पीडीएफ पाठवा. शिवाय अशा दुकानांत अजून श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टवर काम चालतं. त्यातला मजकूर युनिकोड नसतो, त्यामुळे तो बालूमध्ये टाकला की चिन्हांचा कचरा उमटतो. आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा, आणि आणल्यावर शुद्धलेखन पुन्हा वाचा. रफार आणि अर्धा र हमखास हलतात.

एकच जाडी असलेल्या फॉन्टला ‘बोल्ड’चं बटण दाबू नका. खरी जाड आवृत्ती नसली की काही सॉफ्टवेअर अक्षराभोवती नुसती चरबी चढवतं. मोदकला असं केलंत तर त्याच्या फटी तिथेच संपतात. ‘इटॅलिक’चंही तसंच, तिरकं ढकललेलं देवनागरी अक्षर खेळकर दिसत नाही, पडतंय असं वाटतं.

आता बाह्यरेषा. लाल अक्षराला पिवळी किनार हा आपल्या फलकांचा लाडका प्रकार, आणि त्याला माझी हरकत नाही. पण देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर स्वतःच्या शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं आणि तो शेजारच्या तुकड्यावर थोडा चढतो. सरळ किनार लावली की प्रत्येक सांध्यावर एक उभी चीर उमटते. क्रम असा ठेवा: मजकूर कर्व्ह करा, कोरलमध्ये ‘वेल्ड’ किंवा इलस्ट्रेटरमध्ये ‘युनाइट’ करून सगळा शब्द एकजीव करा, आणि किनार शेवटी. किनार रंगाच्या मागे टाका, म्हणजे ती आतल्या बाजूने अक्षर खाणार नाही. कर्व्ह केलेला शब्द पुन्हा टाइप करता येत नाही, तेव्हा जिवंत मजकुराची मूळ फाइल बाजूला जपून ठेवा. अध्यक्षांच्या आडनावातली चूक नेहमी कर्व्ह केल्यानंतरच सापडते.

दोन ओळींच्या शीर्षकात वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांना भिडतात. फॉन्टने आपोआप दिलेलं अंतर मान्य करू नका, त्याच शब्दांकडे बघून ठरवा. वरच्या ओळीत उकार नसेल तर ओळी जवळ आणा. असेल तर त्याला खालच्या ओळीत वेलांटी नसलेल्या जागी बसवता येतं का ते पाहा. दोन ओळी अशा एकमेकींत अडकल्या की शीर्षक एक गठ्ठा होतं, आणि ही मजा रोमनमध्ये सहज जमत नाही.

कुठे थांबायचं

कॉमिक सॅन्सची गोष्ट इथे कामाला येईल. मायक्रोसॉफ्टच्या ‘बॉब’ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक कार्टून कुत्रा टाइम्स न्यू रोमनमध्ये बोलत होता. ते विसंगत वाटलं म्हणून व्हिन्सेंट कोनारे यांनी १९९४ मध्ये चित्रकथांच्या फुग्यांतल्या अक्षरांवरून हा फॉन्ट केला. बॉबसाठी तो वेळेत तयार झाला नाही. पुढे तो विंडोजबरोबर घरोघरी गेला आणि नोटिशींपासून दवाखान्याच्या पत्रकांपर्यंत सगळीकडे वापरला गेला. ४ जुलै २०१२ रोजी सर्नमध्ये हिग्ज बोसॉनचा शोध जाहीर झाला, तेव्हा त्यातल्या एका सादरीकरणाच्या स्लाइडसुद्धा कॉमिक सॅन्समध्ये होत्या आणि जगभर त्याची थट्टा झाली. कुत्र्याच्या तोंडी तो फॉन्ट उत्तम ठरला असता. मोदक आणि बालूचं आपल्याकडे तसं होऊ शकतं. श्रद्धांजलीचा फलक, औषधाची मात्रा, कर्जाच्या अटी, निवडणुकीची सूचना यांवर गुबगुबीत अक्षर घालणं हा वाचणाऱ्याचा अपमान आहे. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर नाव खेळकर असू दे, पण घटक, वजन आणि शेवटची तारीख साध्या अक्षरातच हवी.

दुकानाच्या पाटीचा एक मुद्दा कायद्याचा आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ मधल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही मराठी नामफलक सक्तीचा आहे, आणि मराठी अक्षरं इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाहीत. दोन्ही लिप्यांना सॉफ्टवेअरमध्ये एकच माप दिलं म्हणजे त्या समान झाल्या असं नाही. देवनागरीच्या मापात वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार यांची जागा धरलेली असते, त्यामुळे मूळ अक्षर कॅपिटल रोमनपेक्षा लहान दिसतं. शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची मोजा आणि ती कॅपिटलच्या उंचीइतकी तरी ठेवा. रंगाऱ्यांचा ढोबळ हिशेब दर दहा फूट अंतराला एक इंच उंचीचा असतो. मोदकसारख्या बंद पोटाच्या अक्षराला मी त्याच्या दुप्पट देईन.

परवान्याचंही थोडक्यात सांगतो. मोदक, बालू, मुक्ता, कलम आणि यात्रा वन हे सगळे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर ओपन फॉन्ट लायसन्सखाली मिळतात. व्यवसायासाठी वापरा, छापा, वेबसाइटवर लावा, पैसे लागत नाहीत. फक्त फॉन्टची फाइल एकटी विकता येत नाही. इतर ‘फ्री’ फॉन्टच्या साइटवर मात्र ‘वैयक्तिक वापरासाठी’ अशी बारीक ओळ असते, ती वाचा. दुकानाचं बोधचिन्ह करत असाल तर एवढं धरून चाला की तोच फॉन्ट शेजारच्या गल्लीतला माणूसही वापरणार. म्हणून किमान एक अक्षर स्वतः बदला, आणि खिशाला परवडत असेल तर सुलेखनकाराकडून ते तीन-चार शब्द हाताने काढून घ्या. आपल्याकडे असे हात अजून आहेत आणि त्यांना काम हवं आहे.

छपाईला देण्याआधी शीर्षकाचा एक तुकडा खऱ्या मापात साध्या कागदावर छापा, भिंतीला चिकटवा आणि ज्याला मजकूर ठाऊक नाही अशा कोणाला तरी लांबून वाचायला सांगा. तो एकदा जरी अडखळला तरी फॉन्ट बदला.